जुन्या आज्ञावली आणि नवे पडदे

सन १९९९ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकीय खेळाचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. मध्ययुगातील राज्ये, त्यांची शेते, तटबंद्या आणि नौका हा त्याचा विषय. दहा वर्षांनी, म्हणजे २००९ मध्ये, विंडोज ७ ही कार्यप्रणाली बाजारात आली. आणि तोच खेळ त्याच तबकडीवरून नव्या यंत्रावर चालवू पाहणाऱ्या पुष्कळांना एक विलक्षण देखावा दिसला. हिरव्या गवतावर जांभळे व तांबडे डाग पडलेले, पाण्याचा रंग भलताच, माणसांच्या अंगावर चित्रविचित्र ठिपके! खेळ बिघडला म्हणावे, तर एरवी सारे यथास्थित होते. आवाज स्वच्छ, हिशेब बिनचूक, माउसच्या टिचकीला प्रतिसाद तत्काळ. बिघाड होता तो केवळ रंगांत. १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाचीही तीच अवस्था झाली.

तबकडीवर ओरखडे पडले असावेत असे कोणी म्हटले, चित्र दाखविणारे कार्ड निकामी झाले असावे असे कोणी. वस्तुतः तबकडीही चांगली होती आणि कार्डही. आज्ञावलीतील एक अक्षरही बदललेले नव्हते. बदलले होते ते तिच्या भोवतालचे जग. जुन्या आज्ञावली नव्या संगणकावर वेड्यावाकड्या दिसतात त्याचे कारण बहुधा असेच असते, आणि ते नीट उमगले म्हणजे उपायही आपोआप सुचू लागतो. म्हणून प्रथम हे पाहू की, आज्ञावलीकडून पडद्यापर्यंत नेमके काय पोचते.

आकडे आणि कोष्टक

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी होय. प्रत्येक ठिपक्यास चित्रबिंदू अथवा पिक्सेल म्हणतात. आजच्या संगणकात प्रत्येक चित्रबिंदूसाठी तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे प्रमाण वेगवेगळे लिहून ठेवलेले असते. प्रत्येक प्रकाशाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर एकंदर १,६७,७७,२१६ रंग होतात. एवढी समृद्धी १९९० च्या सुमारास परवडणारी नव्हती. ६४० आडव्या आणि ४८० उभ्या बिंदूंच्या पडद्यावर ३,०७,२०० चित्रबिंदू असतात; प्रत्येकाला तीन बाइट दिले तर ९,२१,६०० बाइटांची स्मृती नुसत्या चित्रासाठी लागते. त्या काळी स्मृती महाग होती, आणि एवढे बाइट सेकंदात अनेक वेळा हलविण्याइतकी यंत्रांची गतीही नव्हती.

तेव्हा अभियंत्यांनी एक काटकसरीची युक्ती काढली. भरतकामाचा छापील नमुना ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती लगेच समजेल. नमुन्याच्या चौकटींत रंग नसतात, आकडे असतात. ३७ क्रमांकाचा दोरा हिरवा की पिवळा हे रिळांच्या यादीत पाहावयाचे असते. यादी बदलली की तोच नमुना निराळ्या रंगांत भरला जातो. त्याचप्रमाणे या पद्धतीत प्रत्येक चित्रबिंदूसाठी ० ते २५५ यांपैकी एकच आकडा, म्हणजे एकच बाइट, साठविला जाई. आणि २५६ रंगांचे एक कोष्टक चित्रकार्डात निराळे ठेवलेले असे. १९८७ मध्ये आयबीएम कंपनीने आणलेल्या व्हीजीए या चित्रव्यवस्थेत हे कोष्टक २,६२,१४४ रंगांतून निवडून भरता येत असे.

या काटकसरीतून एक अनपेक्षित सौंदर्यही निर्माण झाले. धबधबा वाहता दाखवावयाचा असेल तर चित्र पुन्हा काढण्याची गरजच उरली नाही. पाण्यासाठी राखून ठेवलेले आठ-दहा रंग कोष्टकात एकामागून एक सरकवीत राहिले की चित्र स्थिर असतानाही पाणी खळाळू लागे. आख्खे कोष्टक अवघे ७६८ बाइटांचे. त्याच्या काही ओळी हलविणे म्हणजे यंत्राला क्षणाचेही काम नव्हे. त्या काळच्या चित्रकारांनी या एका युक्तीवर पाऊस पाडला, दिवे लुकलुकविले, सूर्य मावळविला. आजच्या मुबलकतेत ही कला जवळजवळ लोपली आहे, हे काहीसे खेदाचेच म्हटले पाहिजे.

मात्र या व्यवस्थेत एक मर्म होते. चित्रकार्डातील कोष्टक एकच. आणि विंडोजसारख्या कार्यप्रणालीत एकाच वेळी अनेक आज्ञावली जाग्या असतात. प्रत्येकीला आपापले रंग हवे असतात. यावर तोडगा म्हणून विंडोजने २० रंग स्वतःसाठी राखून ठेविले आणि बाकीच्यांविषयी असा नियम केला की, जी आज्ञावली समोर असेल तिचा हक्क पहिला. खेळाने सारा पडदा व्यापला की कोष्टक बहुतांशी त्याचे, हे त्या वेळी गृहीतच होते.

२००७ च्या विंडोज व्हिस्टापासून डेस्कटॉप रंगविण्याची पद्धत मुळापासून बदलली. खिडक्यांची चित्रे आधी बाजूला तयार करून मग एकत्र जुळवून पडद्यावर ठेवण्याचे काम एका स्वतंत्र घटकाकडे गेले. २५६ रंगांची व्यवस्था ही आता अडगळीतली वस्तू झाली होती. ती चालू तर होती, पण तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. अशा स्थितीत खेळ समोर चालू असतानाच मागे डेस्कटॉप सांभाळणारी ‘एक्सप्लोरर’ ही आज्ञावली कोष्टकातील काही ओळी आपल्या रंगांनी भरून टाकी. खेळाने धाडलेला ३७ हा आकडा तोच राहिला. पण यादीत ३७ पुढे आता गवताचा हिरवा नव्हता, डेस्कटॉपचा कुठलासा जांभळा होता. रिळांची पेटी कोणी दुसऱ्यानेच लावली होती.

हे कारण कळताच पहिला उपाय कोणालाही सुचावा असाच निघाला. टास्क मॅनेजर उघडून ‘एक्सप्लोरर’ बंद करावयाचे, खेळ खेळावयाचा आणि नंतर ‘एक्सप्लोरर’ पुन्हा चालू करावयाचे. उपाय रांगडा खरा, परंतु विंडोज ७ वर तो गुणकारी ठरला. २०१२ च्या विंडोज ८ पासून आठ बिटांची, म्हणजे २५६ रंगांची, व्यवस्था खऱ्या अर्थाने उरलीच नाही. जुनी आज्ञावली ती मागू लागली तर कार्यप्रणाली तिचे सोंग वठवून देते. आज्ञावलीच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून गुणधर्मांच्या खिडकीतील ‘कंपॅटिबिलिटी’ हे पान उघडले असता रंगांची संख्या कमी करण्याची आणि पडदा ६४० गुणिले ४८० करण्याची सोय आढळते, ती याच सोंगाची किल्ली होय.

दुभाष्याची योजना

याहून अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे मध्ये दुभाष्या बसविणे. १९९५ नंतरचे विंडोजचे खेळ पडद्याशी थेट बोलत नसत; ‘डायरेक्टड्रॉ’ नावाच्या एका संचामार्फत बोलत. हा संच एका फाइलीत असतो, आणि ती फाइल शोधताना आज्ञावली सामान्यतः प्रथम आपल्याच फोल्डरात पाहते. तेव्हा त्याच नावाची, पण आधुनिक रीतीने लिहिलेली फाइल त्या फोल्डरात ठेवली की जुन्या आज्ञावलीला पत्ताही लागत नाही. ती पूर्वीप्रमाणेच आकडे आणि कोष्टक देते. दुभाष्या ते कोष्टक स्वतःजवळ ठेवतो, प्रत्येक आकड्याचा खरा रंग शोधतो आणि तयार झालेले पूर्ण रंगाचे चित्र आजच्या चित्रकार्डाला समजेल अशा भाषेत पुढे पाठवितो. कोष्टक आता खाजगी झाले. तेथे डेस्कटॉपचा हात पोचत नाही. ‘सीएनसी-डीड्रॉ’ आणि ‘डीजीव्हूडू’ हे असे दोन प्रसिद्ध दुभाषे होत. यांतील दुसरा १९९६ पासूनच्या ‘व्हूडू’ कार्डांसाठी लिहिलेल्या त्रिमिती खेळांचेही भाषांतर करतो. अशी फाइल तिच्या मूळ कर्त्याकडूनच घ्यावी. वाटेल तेथून उचललेल्या फाइलीच्या पोटात काय असेल याचा नेम नसतो.

गाजलेल्या खेळांना या उठाठेवीची गरज पुढे राहिली नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’ची नव्या पडद्यांसाठी सुधारलेली आवृत्ती २०१३ मध्ये आणि आणखी एक २०१९ मध्ये निघाली, ‘स्टारक्राफ्ट’च्या निर्मात्यांनीही २०१७ मध्ये जुना खेळ नव्या यंत्रांना जुळवून घेतला. परंतु ज्यांच्यामागे धनको कंपनी नाही अशा आज्ञावलींचे काय? भूमितीचे धडे देणारी एखादी तबकडी, पक्ष्यांचा सचित्र कोश, एखाद्या शिक्षकाने वर्गासाठी लिहिलेली प्रश्नावली. यांचा कर्ता बहुधा दुसऱ्या उद्योगात गेलेला असतो आणि सुधारित आवृत्ती कधीच निघत नाही. शाळा आणि ग्रंथालये यांच्या कपाटांत असतात त्या बहुतांशी अशाच तबकड्या. त्या फेकून द्यावयाच्या की वाचवावयाच्या, हा प्रश्न म्हणूनच केवळ खेळणाऱ्यांचा नाही.

चपटे झालेले वर्तुळ

रंगांचा घोटाळा डोळ्यांत भरतो. आकाराचा घोटाळा वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. व्हीजीएच्या ज्या व्यवस्थेत डॉसवरील शेकडो खेळ लिहिले गेले तिच्यात आडवे ३२० आणि उभे २०० चित्रबिंदू होते. गुणाकार होतो ६४,०००. आणि त्या काळच्या प्रोसेसरला स्मृतीचा एका दमात हाताळता येणारा तुकडा होता ६५,५३६ बाइटांचा. सारा पडदा एका तुकड्यात मावे, म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यांना ही व्यवस्था विशेष प्रिय होती.

आता ३२० आणि २०० यांचे प्रमाण येते ८ : ५. पण त्या काळचा चित्रनलिकेचा मॉनिटर होता ४ : ३ प्रमाणाचा, म्हणजे थोडा अधिक उंच, आणि चित्र तर पडदाभर पसरत असे. याचा अर्थ असा की, तेथला चित्रबिंदू चौरस नव्हता. तो रुंदीपेक्षा १.२ पट उंच होता. चित्रकार त्याच मॉनिटरसमोर बसून काम करी, त्यामुळे गोल दिसणारे चाक काढावयाचे झाल्यास तो १०० बिंदू रुंद आणि सुमारे ८३ बिंदू उंच अशी आकृती काढी. ती पडद्यावर ताणली जाऊन गोल दिसे.

आजच्या सपाट पडद्यावरील चित्रबिंदू चौरस असतात. त्यांच्यावर ते चित्र जसेच्या तसे ठेविले की चाक चपटे होते, माणसे बुटकी होतात आणि चंद्र लंबवर्तुळाकार उगवतो. १९९३ च्या ‘डूम’ या खेळातील भिंती आणि राक्षस याच हिशेबाने रंगविलेले आहेत. अनेकांनी तो खेळ पुढे चपट्या स्वरूपातच पाहिला आणि तेच त्याचे मूळ रूप समजले. सपाट पडद्याच्या रुंदीभर ताणून पाहण्याची सवय तर याहून वाईट. १६ : ९ च्या पडद्यावर ४ : ३ चे चित्र पसरविले की सगळेच एकतृतीयांशाने रुंदावते.

याची परीक्षा सोपी आहे. आज्ञावलीत घड्याळ, चाक, चेंडू किंवा चंद्र कोठे आहे ते शोधावे आणि पडद्यावर पट्टी लावून त्याची उंची व रुंदी मोजावी. दोन्ही सारख्या नसतील तर चित्रबिंदूंचे प्रमाण बिघडले आहे. तथापि एकाच वस्तूवरून निर्णय करू नये. काही खेळांची चित्रे दुसऱ्या यंत्रासाठी काढलेली आणि तशीच उचलून आणलेली असत. अशा खेळात एक चंद्र गोल आणि दुसरा उभट असे दोन्ही प्रकार सापडतात. तेथे खरे प्रमाण कोणते, हे गणिताने ठरत नाही. आज्ञावलीच्या कर्त्यांना त्यांच्या मॉनिटरवर जे दिसले असेल ते प्रमाण मानावे, हाच निकष त्यातल्या त्यात सयुक्तिक होय.

प्रमाण ठरले तरी मोठे करण्याचा प्रश्न उरतोच. आजच्या साधारण पडद्यावर उभे १,०८० बिंदू असतात. २०० ओळींचे चित्र त्यावर पुरेपूर पसरवावयाचे तर प्रत्येक ओळीला ५.४ ओळी द्याव्या लागतात. आणि चित्रबिंदूचे तर तुकडे पडत नाहीत. मग काही ओळी पाच पट होतात, काही सहा पट. स्थिर चित्रात हे फारसे जाणवत नाही, पण दृश्य सरकू लागले की त्यात लाटा उठल्यासारखे दिसते. शेजारच्या रंगांची सरासरी काढून ओळी भरल्या तर लाटा जातात, पण सारे धुक्यात बुडते.

अगदी निर्दोष उत्तर गणितात आहे: आडवे पाच पट आणि उभे सहा पट. ३२० चे १,६०० होतात, २०० चे १,२००. आणि १,६०० : १,२०० म्हणजे बरोबर ४ : ३. २,५६० गुणिले १,४४० बिंदूंच्या पडद्यावर असे चित्र चहूबाजूंनी काळी चौकट सोडून नेमके बसते. १,०८० बिंदूंच्या पडद्यावर ते मावत नाही. तेथे चित्र आधी पूर्ण संख्येच्या पटीत मोठे करून घ्यावे आणि उरलेला थोडासा फरकच सरासरीने भरावा. कडा बऱ्याच अंशी रेखीव राहतात. चौकटीतील काळी जागा पाहून पुष्कळांना चुकल्यासारखे वाटते, पण ती जागा वाया गेलेली नव्हे. भिंतीवरील चित्राभोवती भिंत असतेच.

पट्ट्यांमधून उमटणारे रंग

सर्वांत मौजेचे उदाहरण मात्र याहूनही जुने आहे. १९८१ च्या आयबीएम संगणकाबरोबर सीजीए नावाचे चित्रकार्ड मिळे. त्याच्या एका व्यवस्थेत ६४० गुणिले २०० बिंदू असत, आणि रंग दोनच. ही व्यवस्था वापरणारे काही खेळ आज चालविले तर पडद्यावर उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गर्दी दिसते. झाड कोणते, आकाश कोणते, काही उमगत नाही. हा कसला खेळ, असे वाटावे.

ज्यांनी हे कार्ड मॉनिटरऐवजी अमेरिकन पद्धतीच्या रंगीत दूरदर्शन संचाला जोडले होते त्यांना तेथे निळे आकाश आणि हिरवी झाडे दिसत. त्या पद्धतीत रंगाची माहिती एका ठराविक कंपनाच्या रूपाने चित्राच्या संदेशातच मिसळलेली असते. कार्डाचे चार चित्रबिंदू त्या कंपनाच्या एका फेऱ्यात नेमके बसत. त्यामुळे चार बिंदूंच्या काळ्या-पांढऱ्या रचनेला दूरदर्शन संच रंग समजून बसे. आणि चार बिंदूंच्या रचना होतात सोळा. दोन रंगांच्या कार्डातून सोळा रंग! १९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’ या खेळाने या युक्तीचा उपयोग केलेला आहे.

येथे रंग आज्ञावलीत नव्हता, कार्डात नव्हता, कोणत्याही कोष्टकात नव्हता. तो तारेत आणि दूरदर्शन संचात निर्माण होत होता. मग असा खेळ जतन करणे म्हणजे काय जतन करणे? तबकडीवरील प्रत्येक बाइट जपला तरी आकाशाचा निळा रंग त्यात सापडणार नाही. जतन करावयाचा असतो तो त्या संचाचा गुण. आणि तो आज गणिताने हुबेहूब उभा करता येतो. ‘डॉसबॉक्स’ या आज्ञावलीत सीजीए कार्ड निवडून दूरदर्शन संचाचा परिणाम चालू करण्याची सोय आहे. कळ दाबताच पट्ट्या मिटतात आणि चित्र रंगून निघते.

सोंग घेणारे यंत्र

२००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या ‘डॉसबॉक्स’चे नाव येथे आलेच आहे, तर त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसच्या १६ बिटांच्या आज्ञावली मुळीच सुरू होत नाहीत. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत गेला की जुन्या आज्ञावलींसाठी असलेली त्याची एक सोय बंद पडते, आणि विंडोजने ती उणीव दुसऱ्या रीतीने भरून काढलेली नाही. अशा वेळी दुभाष्याने भागत नाही. सबंध जुने यंत्रच नव्या यंत्राच्या आत आज्ञावलीच्या रूपाने उभे करावे लागते. त्याला एम्युलेटर म्हणतात. ‘डॉसबॉक्स’ जुना प्रोसेसर, जुने चित्रकार्ड आणि जुने ध्वनिकार्ड यांचे सोंग घेते. त्याच्या मांडणीच्या फाइलीत ‘अॅस्पेक्ट’ ही ओळ असते. तिच्यापुढे ‘ट्रू’ लिहिले की चपटी वर्तुळे गोल होतात. एवढीशी ही ओळ मूळ आवृत्तीत बंद ठेवलेली असते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एम्युलेटरचे महत्त्व किती आहे हे इंग्लंडमधील डोम्सडे प्रकल्पावरून पटते. इसवी सन १०८६ मध्ये विजेत्या विल्यमच्या आज्ञेने इंग्लंडची जी पाहणी झाली तिचे हस्तलिखित आजही सुरक्षित असून वाचताही येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये नवी पाहणी केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, विशेषतः शाळकरी मुलांनी, आपापल्या गावांची वर्णने आणि छायाचित्रे पाठविली. ती सर्व लेसरच्या मोठ्या तबकड्यांवर साठविली गेली. पण त्या पाहण्यासाठी विशिष्ट बीबीसी संगणक आणि विशिष्ट वाचनयंत्र लागे. पंधरा-सोळा वर्षांतच ती यंत्रे इतकी दुर्मिळ झाली की नवी पाहणी वाचता येईनाशी होते की काय अशी भीती उत्पन्न झाली. येथेही अडचण चित्राचीच होती, कारण तबकडीवरील छायाचित्रे दूरदर्शनच्या संदेशासारखी होती आणि संगणक त्यांच्यावर आपली अक्षरे वरून बसवीत असे. दोन्ही थर जुळल्याखेरीज पान पुरे होत नसे. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांच्या संशोधकांनी हे सारे यंत्र एम्युलेटरच्या रूपाने उभे करून दाखविले, आणि २०११ मध्ये बीबीसीने त्या सामग्रीचा मोठा भाग सर्वांसाठी खुला केला.

देवनागरीची गोष्ट

मराठी वाचकाला हा प्रश्न निराळ्या वेषात चांगलाच परिचित आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मराठी फाइल उघडावी आणि पडद्यावर रोमन अक्षरे, चिन्हे व उद्गारचिन्हांचा काला दिसावा, हा अनुभव कोणत्या मुद्रणालयाला आलेला नाही? फाइल बिघडलेली नसते. येथेही आकडे तेच असतात, कोष्टक हरवलेले असते. फरक इतकाच की हे कोष्टक रंगांचे नसून अक्षराकृतींचे असते.

कानपूरच्या आयआयटीमध्ये आरंभ होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसविले की डॉसच्या इंग्रजी आज्ञावलीतूनही देवनागरी अक्षरे उमटत. त्यासाठी भारतीय लिप्यांची ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली वापरली जाई. १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. १२७ पर्यंतचे आकडे इंग्रजीसाठी आणि पुढचे भारतीय अक्षरांसाठी अशी तिची वाटणी होती. कार्ड काढून घेतले, किंवा तीच माहिती आजच्या संगणकावर उघडली, की वरच्या आकड्यांना कोणी वाली उरत नाही. नावांच्या जागी चौकटींचे आणि रेघांचे तुकडे दिसू लागतात. सुदैवाने युनिकोडमधील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्याच धर्तीवर झालेली असल्यामुळे या माहितीचे रूपांतर फारसे कठीण नाही.

छपाईसाठी बनविलेल्या जुन्या टंकांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तेथे प्रत्येक उत्पादकाने अर्धी अक्षरे, काने, मात्रा आणि रफार आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी बसविले होते. एकाचे कोष्टक दुसऱ्याला लागू पडत नसे. त्यात आणखी एक खोच होती. ‘कि’ लिहिताना ह्रस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून जुन्या टंकांत ती आधी साठविली जाई. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. म्हणून रूपांतर करणाऱ्या साधनाला नुसते कोष्टक पाहून भागत नाही, अक्षरांचा क्रमही फिरवावा लागतो. जोडाक्षरापुढची वेलांटी आणि रफार यांच्या ठिकाणी ही साधने हमखास अडखळतात. रूपांतर झाल्यावर मुद्रितशोधन टाळू नये ते याचसाठी.

फार लहान, फार पुसट

आणखी एक तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. जुनी आज्ञावली सुरू होते, रंग व आकार बरोबर असतात, पण अक्षरे मुंगीएवढी! विंडोजच्या जुन्या आज्ञावली एका इंचात ९६ बिंदू असतात असे धरून चालत. ३,८४० गुणिले २,१६० बिंदूंच्या साडेपंधरा इंची पडद्यावर एका इंचात सुमारे २८० बिंदू येतात; म्हणजे सारे मूळच्या एकतृतीयांश आकाराचे दिसणार. विंडोज यावर तयार चित्र ताणून मोठे करते, तेव्हा अक्षरे मोठी पण पुसट होतात. वर सांगितलेल्या ‘कंपॅटिबिलिटी’च्या पानावर हे ताणणे कोणी करावे ते ठरविता येते, विंडोज १० च्या २०१७ नंतरच्या आवृत्त्यांत ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ हा पर्याय निवडला तर पुष्कळ साध्या आज्ञावलींची अक्षरे पुन्हा रेखीव होतात. चित्रे मात्र पुसटच राहतात.

ग्रंथालयात अशा तबकड्या हाताळताना प्रथम मूळ तबकडीची पूर्ण प्रतिमा करून ठेवावी आणि सारे प्रयोग प्रतीवर करावेत. मग साधा उपाय आधी, अवघड नंतर: ‘कंपॅटिबिलिटी’चे पान, ते न चालल्यास दुभाष्या, आणि डॉसची आज्ञावली असल्यास थेट एम्युलेटर. उपाय लागू पडला की तो तबकडीच्या वेष्टनावरच लिहून ठेवावा: आज्ञावली कोणत्या वर्षाची, पडदा किती बिंदूंचा, रंग किती, टंक कोणता, ‘अॅस्पेक्ट’ची ओळ चालू की बंद. पुढल्या वेळी पडदा पुन्हा बदललेला असेल, आणि कपाट उघडणारी व्यक्तीही दुसरीच असेल.